बरोबरीचा सहावा चोर

सदा,

वेल्ह्याची साडेचारची गाडी अजून साडेचारलाच सुटते. मी भोर स्टँडवर कंट्रोलर आहे तोवर सुटेल. पण गाडी सुटताना जो हशा व्हायचा तो बंद झाला आहे. तुझ्या जागी आलेला कंडक्टर चांगला आहे. तिकिटं नीट देतो, दोरी ओढतो, गाडी जाते. माणसं गप्प बसून जातात. परवा किकवीची एक म्हातारी माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "कंट्रोलर, त्यो हसवणारा कुटं गेला वं?"

मी म्हणालो, "गेला, आजी."

तिला वाटलं, बदली झाली. "कंच्या डेपोला?" म्हणाली. मी वेळापत्रकाकडे बघत राहिलो, जणू उत्तर तिथे लिहिलेलं आहे.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. तालुक्यात तुझ्याबद्दल एकच वाक्य सगळीकडे ऐकू येतं: भोरचा एक कंडक्टर सिनेमात चोर झाला होता. वाक्य खरं आहे, पण अर्धं आहे. तुला चोर होण्यासाठी भांडावं लागलं होतं, हे त्यात येत नाही. मला ते माहीत आहे, कारण त्या भांडणात मी तुझ्या विरुद्ध बाजूला होतो. आणि बऱ्याच अंशी अजून आहे. तू गेलास म्हणून माझं मत बदललं, असं मी लिहिणार नाही. तसं लिहिलं असतं तर तू कागद वाचून म्हणाला असतास, "कंट्रोलर, मयताला खोटं कशाला सांगतोस? त्याला काय परत तिकीट काढायचंय?"

मी किकवीच्या मराठा शेतकऱ्याच्या घरातला, तू वेल्ह्याकडच्या बौद्ध वस्तीतला. भोरच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो आणि पुढे एकाच खात्यात नोकरीला लागलो. हे सांगून ठेवतो, कारण पुढचं भांडण कोण कोणाशी करत होता हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

सिनेमाची सुरुवात तुझ्या गाडीतच झाली. काही माणसं तुझ्या हातात पैसे ठेवत नसत, वरून टाकत. शिवू नये म्हणून. बोलत कोणी नसे, हात तेवढा उंच राहायचा. दुसरा कोणी असता तर चिडला असता, किंवा माझ्यासारखा असता तर त्याने तक्रार लिहिली असती. तू त्या संध्याकाळी काय केलंस, ते गाडीतल्या किमान पाच जणांनी मला येऊन सांगितलं. गाडी सारोळ्याहून भोरला येत होती. एका फेटेवाल्या पाटलाने नाणी वर धरली. तू चामड्याची पिशवी दोन्ही हातांनी उघडून धरलीस, एक पाऊल मागे सरलास आणि म्हणालास, "टाका, पाटील. नेम धरून टाका. चुकला तर दोन तिकिटं घ्याया लागतील."

गाडी हसली. पाटील आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आलं. चालत्या गाडीत नेम काही धरता येईना. शेवटी त्यांनी पैसे तुझ्या तळहातावर ठेवले. तू तिकीट दिलंस आणि "हां, आता बसा सुखानं" म्हणून पुढे गेलास. पुढे ताणलं नाहीस, उपदेश केला नाहीस. तुझं हेच मला कधी जमलं नाही.

त्या गाडीत मागच्या बाकावर पुण्याचे एक सिनेमा दिग्दर्शक बसले होते. त्यांची मोटार किकवीजवळ बंद पडली होती. त्यांचं नाव लिहीत नाही. माणूस मनाने चांगला होता, त्यांना उगाच अडचणीत आणायला नको. ते गाडीतून उतरले ते सरळ माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "हा कंडक्टर मला हवा आहे."

मी म्हणालो, "सकाळी साडेसहाला मिळेल."

सिनेमाचं नाव होतं 'पेटी पळाली'. गोष्ट संस्थानच्या काळातली, विनोदी. चावडीत शेतसाऱ्याच्या रकमेची लोखंडी पेटी असते आणि एक टोळी ती पळवते. दिग्दर्शकांची कल्पना मोठी होती. टोळीत सगळ्या जातींची माणसं घ्यायची. मला ते उत्साहाने म्हणाले, "अख्खा महाराष्ट्र त्या पेटीला खांदा देतो, असं दाखवायचंय." तोवर आपल्या भागातल्या कोणी सिनेमात स्वतःला पाहिलं नव्हतं. मलाही ती कल्पना आवडली. तू काम करायला हो म्हणालास आणि संवादांचे कागद घेऊन माझ्या घरी आलास, कॉटवर बसलास. आमच्या हिने चहा ठेवला. तू वाचत गेलास आणि तुझा चेहरा उतरत गेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"वकील हाय म्होरक्या. जोशीबुवा मुहूर्त काढतो. पैलवान पेटी उचलतो. कासमभाई कुलूप उघडतो. शिंपी पोती शिवतो. पाच झाले."

"आणि तू?"

"म्या येसकर. राखणदार. म्या झोपलोय."

मी कागद घेतले. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुझ्या वाट्याला चौदा वाक्यं होती, त्यातल्या नवांत 'जी मायबाप' होतं. उरलेल्या पाचांत तू घोरण्यातून दचकून उठत होतास. मी आकडा सांगितला तेव्हा तू इतका हसलास की कपातला चहा चादरीवर सांडला. पण मग कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "आरं, अठरापगड जातीचे चोर. आमचा तेवढा झोपलाय. चोरीतबी आमाला घेतलं न्हाई."

तुझ्या आजोबांची गोष्ट मला तू त्या दिवशी सांगितलीस. ते गावचे येसकर. घुंगरं बांधलेली काठी आपटत फेऱ्या घालायचे, आणि साऱ्याची रक्कम डोक्यावरून डोंगर उतरून भोरच्या खजिन्यात पोचवायचे. कधी एक पैसा कमी झाला नाही. तू म्हणालास, "खजिना आमच्या डोक्यावर चालायचा. आमचा हात घागरीला चालायचा न्हाई."

मी म्हणालो, "मग हेच दाखवायला सांग ना त्यांना. इमानी येसकर. जागा असलेला."

"इमान लई झालं. तीन पिढ्या झालं. आता एकदा चोरी करू दे. पडद्यावर तरी."

आपलं भांडण इथून सुरू झालं. माझं म्हणणं असं होतं: तुमच्या समाजाचा माणूस तालुक्याला पहिल्यांदा पडद्यावर दिसणार. पहिला चेहरा स्वच्छ हवा. गावात चोरी झाली की आधी तुमच्याच वस्तीची झडती व्हायची, हे तूच मला सांगितलं होतंस. मग चोर कशाला व्हायचं? लोकांच्या हातात आयतं कोलीत का द्यायचं? मी हे सगळं मुद्देसूद मांडलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "आमच्या चेहऱ्याची काळजी तू करतोयस, ऱ्हाऊ दे. तुझ्या जातीचा पैलवान त्यात नुसता खातोय. पयल्या पानापासनं शेवटपर्यंत. त्याचं काय?"

मी कागद परत चाळले. खरंच होतं. पैलवान प्रत्येक प्रसंगात काहीतरी खात होता. मला ते दिसलंच नव्हतं, मला ते नुसतं गमतीचं वाटलं होतं.

"जोशी पंचांग बघतोय, कासमभाई अल्लाचं नाव घेतोय, शिंपी भितोय," तू म्हणालास. "ह्यात माणूस एकबी न्हाई. जाती हायत नुसत्या. एकेकाला एकेक खोड दिलीय, रेशनवाणी."

असं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही, सदा. सिनेमावर लिहिणाऱ्यांचे लेख मी वर्तमानपत्रात वाचतो. त्यात असं वाक्य मला सापडलेलं नाही.

तू दिग्दर्शकांना तोंडावर सांगितलंस, झोपलेला येसकर करणार नाही. ते खजील झाले. दोन दिवसांनी त्यांनी नवा प्रसंग लिहून आणला. आता येसकर जागा होता. एकटा पाचांना अडवत होता, डोक्यात घाव बसून पडत होता, आणि मरताना 'गावाची अमानत सांभाळा' म्हणत होता. मी वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो.

तू म्हणालास, "सायेब, मला मारू नका. मेलेला माणूस हसवत न्हाई."

"पण सदाशिवराव, हा हीरो आहे," दिग्दर्शक म्हणाले.

"पाच जण शेवटी पेटीवर बसून भजी खाणार. लोक त्यांच्यासंगं हसत घरी जाणार. माझ्यासाठी च्यक च्यक करणार. मला च्यक च्यक नको. मला त्या पेटीवर बसायचंय."

त्या वाक्यावर मी तुझ्याशी आठवडाभर धड बोललो नाही. गाडीची वेळ सांगायचो, तू "जी मायबाप" म्हणायचास आणि मला आणखी राग यायचा.

वाट तूच काढलीस. दिग्दर्शकांना तू एक गोष्ट विचारलीस: येसकर झोपला म्हणून पेटी जाते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? काठीच्या घुंगरांच्या आवाजावर गाव झोपतं. सवयीने. आवाज थांबला की म्हाताऱ्या उठून बसतात, कुत्री भुंकतात, काय झालं म्हणून गडी बाहेर येतात. येसकर झोपला तर चोर पाच मिनिटांत सापडतील. पेटी न्यायची असेल तर येसकराने रोजच्यासारखी फेरी घालत राहायला हवं. म्हणजे येसकर टोळीतच हवा. त्याच्याशिवाय बाकीचे पाच काही कामाचे नाहीत.

दिग्दर्शक आमच्या स्टँडच्या बाकावरून उठून उभे राहिले. "म्हणजे हा काठी आपटत गावाला झोपवतो..."

"आन् मागनं पेटी चाललीय," तू म्हणालास. "गाव घोरतंय. येसकर न्हाई."

त्या क्षणी सहावा चोर जन्माला आला. मी तिथे होतो. माझं मत तेव्हाही तेच होतं, पण मला हसू आवरलं नाही आणि गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली.

तुझ्या घरी कमळावहिनींनी मात्र गोष्ट ऐकून वेगळाच मुद्दा काढला. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "सहा गडी. आन् बाई एकबी न्हाई? चोरांच्या भाकरी कोण करतं मंग?"

तू म्हणालास, "आगं, ते भजी खात्यात."

"भजी तरी कोण तळतं?"

तू हे दिग्दर्शकांपर्यंत नेलंस. ते खूप हसले, पण बाई काही टोळीत आली नाही. तेवढं राहिलं. वहिनी अजून बोलून दाखवतात.

खरी अडचण वस्तीतून आली. धम्म घेतला त्या वर्षी तुमच्या वस्तीने येसकरकी सोडली होती. काठ्या चुलीत घातल्या होत्या, आणि पुन्हा कोणी काठी हातात धरायची नाही असं ठरलं होतं. तुझे चुलते आण्णा हे त्यात पुढे होते. त्यांनी बापाची काठी स्वतः मोडली होती. तू घुंगरं लावलेली नवी काठी करून घेतलीस हे कळलं तेव्हा ते भोरला आले. स्टँडवर, माझ्यासमोर, त्यांनी तुला विचारलं, "ती काठी टाकाया आमी किती भोगलं, ठावं हाय का तुला?"

"ठावं हाय, आण्णा."

"मंग? पैसं देत्यात म्हणून धरतुयास?"

"न्हाई. चोरीला धरतोय."

आण्णांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "वस्तीचा सबूद हाय. मोडलास तर आमच्या दारात येऊ नगंस." आणि वेल्ह्याच्या गाडीत जाऊन बसले. तुझ्याच गाडीत. तू त्यांचं तिकीट फाडलंस, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. तुझ्या जीवाला ते किती लागलं ते मी पाहिलं आहे. भूमिका सोडावी असं तुला वाटू लागलं होतं. मी तेव्हा 'सोड' म्हणू शकलो असतो, माझीही तीच बाजू होती. पण तुझा चेहरा बघून मी ते म्हणालो नाही, आणि तूही शेवटी काठी सोडली नाहीस.

शूटिंग वेल्ह्याकडच्या एका गावात होतं. मी रजा काढून आलो. दिवसाउजेडी रात्र करायची म्हणून कॅमेऱ्याला काहीतरी निळं लावलं होतं. तू धोतर, मुंडासं, खांद्यावर घोंगडी अशा वेषात उभा राहिलास. आणि गर्दीच्या मागे आण्णा आले. हातात पिशवी, तोंड आवळलेलं. मला वाटलं, आता तमाशा होणार.

तू चालायला लागलास. काठी आपटलीस, घुंगरं वाजली. तुझ्या मागून पाच जण पेटी घेऊन तुझ्याच तालावर पाय टाकत होते. काठी आपटली की एक पाऊल. तू थांबलास की ते पाय उचललेले तसेच थांबत. मग तू एका दारासमोर उभा राहून, अगदी कर्तव्यदक्ष आवाजात ओरडलास, "हुश्शाऽऽर! गाव नीट झोपा!" आणि मागे वळून पैलवानाला दबक्या आवाजात, "उचल की लेका, पाटलीण कूस बदलतीया."

आजूबाजूचं सगळं गाव हसलं. मी आण्णांकडे बघत होतो. आधी त्यांच्या गळ्यातून खोकल्यासारखा आवाज आला. मग खांदे हलायला लागले. पिशवी खाली ठेवून त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आमच्या बापानं ह्येवढंच करायचं ऱ्हायलं. केलं असतं तर पेटी आज आमच्यात असती." आणि परत हसले. डोळे पुसत हसले. आता तू त्यांच्या दारात जाऊ शकणार होतास, हे मला तेव्हाच कळलं.

मग वाटणीचा प्रसंग आला. पैलवानाचं काम नसरापूरकडच्या एका खऱ्याच पैलवानाला दिलं होतं. सगळे त्याला तात्या म्हणत. त्याने प्रत्येकाला एकेक गाठोडं द्यायचं होतं. चौघांना त्याने हातात दिलं. तुझी पाळी आली तेव्हा त्याने गाठोडं वरून तुझ्याकडे टाकलं. मुद्दाम केलं नव्हतं. त्याला कोणी तसं सांगितलंही नव्हतं. हातच तसे वळलेले होते. तू झेललं नाहीस. गाठोडं जमिनीवर पडलं, सुटलं, आतले खोटे रुपये घरंगळले. कॅमेरा चालू होता. दिग्दर्शक 'कट' म्हणायला तोंड उघडत होते, तेवढ्यात तू अगदी सहज, चोराच्या दबक्या आवाजात म्हणालास, "तात्या, चोरीत शिवाशिव नसती. हातात द्या."

तात्या गोंधळला. मग त्याने खाली वाकून, घाम पुसत, रुपये गोळा केले, गाठोडं बांधलं आणि तुझ्या हातात दिलं. तू ते कपाळाला लावलंस आणि म्हणालास, "हां. आता आपन समदे सारखेच चोर."

ते वाक्य कोणी लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शकांनी ते ठेवलं.

सिनेमा पुण्यात चालला नाही, हे खरं आहे. आपल्याकडे मात्र जत्रेतल्या तंबूत चालला. वेल्ह्याच्या तंबूत मी तुझ्या शेजारी बसलो होतो. मी पडदा पाहत नव्हतो, माणसं पाहत होतो. गाव मध्ये बसलं होतं, वस्ती एका कडेला. गाठोडं पडलं आणि तंबू गप्प झाला. तू पुढे सरकून बसलास. मलाही वाटलं, आता काय होतंय. तर पुढच्या रांगेतून तात्या पैलवान उठून उभा राहिला, छातीवर हात मारून ओरडला, "आरं, त्यो मीच! गाठोडं मीच टाकलंय!" त्याला सिनेमात दिसल्याचा अभिमान होता. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मागून एक बाई म्हणाली, "आवं तात्या, आता खाली बसा आन् हातात द्या!" आणि मग तंबूच्या कडेपासून मध्यापर्यंत, मध्यापासून कडेपर्यंत, असा हशा झाला की पुढचे दोन संवाद ऐकूच आले नाहीत.

तू माझ्या कानात म्हणालास, "पैलवानाला कळलं न्हाई, पर गावाला कळलं."

दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं, असं मी लिहिणार नाही. काही हात उंचच राहिले. मी स्टँडवर बसतो, मला दिसतं.

आणि माझ्या बाजूचाही एक पुरावा आहे. तुझ्या सुमनला शाळेत एका मुलीने "चोराची पोर" म्हटलं होतं. ते कळल्यावर मी जवळजवळ धावत तुझ्याकडे आलो होतो. "बघ," म्हणालो. तू विचारलंस, "तिनं काय उत्तर दिलं?" सुमनने सांगितलं होतं, "माझा बाप चोर, आन् तुझ्या बापानं तिकीट काढून बघितला." तू मांडीवर थाप मारून हसलास. भांडण त्या दिवसापुरतं तू जिंकलास.

पण कमळावहिनींनी आत्ता, तू गेल्यावर, मला सांगितलं की त्या दिवशी सुमन घरी येऊन परसात बसून रडली होती. तुला कळू दिलं नव्हतं. म्हणजे माझा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, सदा. पहिल्या चेहऱ्याची किंमत कोणी तरी लहान माणूस भरतं. हे तुझ्यापुढे मांडायचं होतं, आणि तुझं उत्तर ऐकायचं होतं. तुझ्याकडे उत्तर असतंच असं नाही. पण तू गप्प झाला असतास, तर तेही मला ऐकायचं होतं.

मागच्या आठवड्यात तुझ्या घरी तुझ्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. फोटोची जबाबदारी मी घेतली होती. तुझा खात्याच्या गणवेशातला फोटो होता, टोपी सरळ, बटणं लावलेली, ओठ मिटलेले. मी तो भोरच्या स्टुडिओतून मोठा करून आणला, चांगली फ्रेम घातली. बुद्धाच्या तसबिरीखाली पांढरं वस्त्र अंथरलं होतं, मेणबत्त्या मांडल्या होत्या. मी फोटो ठेवायला वाकलो तर सुमन म्हणाली, "काका, थांबा."

ती आता शिक्षिका व्हायचं शिकते आहे. आतून तिने दुसरा फोटो आणला. शूटिंगमधला. मुंडासं, घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्या काखेत गाठोडं, आणि तोंडभर हसू.

मी हळूच म्हणालो, "सुमन, लोक येणार आहेत. मोठी माणसं येणार आहेत. चोराला हात जोडायला लावायचे का?"

ती म्हणाली, "काका, तुमच्या फोटोतले बाबा मला ओळखीचे वाटत नाहीत. मला लहानपणी ह्या फोटोचा राग यायचा. आता हाच बरा वाटतो."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ठिवा तिला पायजे त्यो." भिंतीला टेकून बसलेले आण्णा म्हणाले, "काठी नीट दिसतीया का बघा."

त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग माणसं रांगेने फुलं वाहायला आली. वस्तीतली, गावातली, स्टँडवरची, नसरापूरचा तात्या पैलवान. प्रत्येक जण मान खाली घालून, तोंड पाडून वाकायचा, आणि फोटो बघून उठायचा तेव्हा तोंडावर हसू असायचं. मग त्याला वाटायचं, आपण हसलो हे बरं दिसलं नाही, आणि तो वहिनींकडे बघायचा, तर त्याही हसत असायच्या, पदराने डोळे पुसत.

माझी पाळी आली. मी ठरवून गंभीर राहिलो होतो. माझं मत आहे, ते मी सोडलेलं नाही. फुलं वाहिली, हात जोडले, मान वर केली. तू समोर, काखेत चोरीचा माल, एवढा खूष.

मी हसलो, सदा. इतक्या मोठ्याने हसलो की घर गप्प झालं. सुमन वळून माझ्याकडे बघायला लागली, आणि मग तीही हसायला लागली.